अर्ज लिहिण्यापूर्वीचे गाव

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, जेथे सह्याद्रीचे पठार तुटून गुजरातच्या सीमेकडे उतरत जाते आणि जेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो, त्या सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर वैशाख लागला की विहिरी तळ गाठतात, आणि ज्या काळ्या कातळाने आषाढ-श्रावणातले सारे पाणी खाली वाहून जाऊ दिले त्याच कातळातल्या एखाद्या झिऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरण्यासाठी बायकांना अपरात्री डोंगर उतरावा लागतो. या पाड्यांची गाऱ्हाणी कागदावर उतरून नाशिक शहरात येतात. जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद, राज्याच्या आदिवासी विकासाचा कारभार जेथून चालतो ते आयुक्तालय, आणि अलीकडे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांची सामाजिक दायित्व पाहणारी खाती, अशा अनेक दारांशी ही कागदपत्रे पोहोचतात, आवक-नोंदवहीत चढतात, आणि त्यांतील पुष्कळशी तेथेच विसावतात.

गेल्या काही वर्षांत अशा प्रस्तावांचे मसुदे वाचण्याचा योग प्रस्तुत लेखकास वारंवार आला, आणि त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली. नामंजूर होणाऱ्या अर्जांतील दुःख खोटे नसते; किंबहुना ते जितके खरे असते तितका त्याविषयीचा मजकूर ढोबळ होत जातो. ‘भीषण टंचाई’, ‘प्रचंड पायपीट’, ‘अत्यंत मागास वस्ती’ अशा शब्दांनी पहिले पान भरते, आणि विहीर कोणती, ती कोणत्या महिन्यात आटते, आटल्यावर दिवसाकाठी तीत किती पाणी झिरपते, झिऱ्यापर्यंतची वाट किती लांब, याबद्दल मात्र एक अक्षर नसते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर अशीच आणखी चाळीस भीषण टंचाया पडलेल्या असतात. त्यांतून एक निवडायला त्याच्या हाती काहीच लागत नाही. अनुदानाचा प्रस्ताव बलवान होतो तो गावाने स्वतःची मोजदाद केल्यामुळे, आणि ही मोजदाद लेखणी उचलण्यापूर्वीच झालेली असावी लागते, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

मागणीपत्रे लिहिण्याची विद्या महाराष्ट्राला नवखी नाही. वर्षासने, इनामे, तगाई, सूट आणि तहकुबी यांसाठी लिहिलेल्या अर्जांनी आपली जुनी दफ्तरे भरली आहेत. पण सार्वजनिक कार्यासाठी सार्वजनिक पैसा मागण्याचा जो अर्वाचीन प्रकार, त्याचा एक आद्य नमुना पुण्यातला आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही निराळ्या रूपाने चालू राहिली होती. १८४९ साली काही नवशिक्षित तरुणांनी, ज्यांत गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी अग्रभागी होते, सरकारकडे अर्ज केला की या निधीचा काही अंश मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस पारितोषिक देण्याकडे लावावा. सनातनी पुण्यात त्यावरून केवढा क्षोभ उसळला हे सर्वश्रुत आहे. त्या अर्जाची खरी ताकद मला अन्यत्र दिसते: अर्जदारांनी खजिन्यातून नवा पैसा मागितलाच नाही, जो निधी होता, त्याचा विनियोग कसा होतो हे त्यांना ठाऊक होते, आणि अधिक चांगला विनियोग कोणता हे त्यांनी दाखवून दिले. पुढे याच दक्षिणा फंडातून जोतीराव फुल्यांच्या शाळांना दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळाले, आणि तेही शाळा उभ्या राहून, मुली शिकू लागून, परीक्षा घेतल्या गेल्यानंतर. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणासाठी जी साहाय्यक अनुदानाची पद्धत घालून दिली तिचे सूत्रही हेच होते: स्थानिक मंडळींनी संस्था चालवावी, काही भार स्वतः उचलावा, सरकारी तपासणी मान्य करावी, आणि मग सरकारने आपला हिस्सा त्यात घालावा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर त्याही अगोदरचे, १८४० चे. आज १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यातील वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली जातात आणि ग्रंथसंख्या, सभासद, नोंदवह्या, जमाखर्च यांची तपासणी होऊन त्यांना अनुदान मिळते, त्यामागे तीच जुनी धारणा आहे.

परंतु या सूत्राचे सर्वांत बोधप्रद उदाहरण नाशिक जिल्ह्यातच, पाटाच्या पाण्यावर घडले, आणि त्यापाशी थोडे सावकाश थांबले पाहिजे.

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचे मातीचे धरण आहे. उपयुक्त साठा २३०२ दशलक्ष घनफूट. गंगापूर किंवा दारणा यांच्या तुलनेने लहानच. त्याच्या उजव्या कालव्याच्या शेपटाला ओझरचा परिसर येतो, तेच ओझर, जे विमानांच्या कारखान्यामुळे देशाला परिचित झाले. कागदोपत्री ओझरकडील जमिनी लाभक्षेत्रात होत्या, नकाशावर त्यांतून चाऱ्या काढलेल्या होत्या, आणि तरीही पाणी त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचे. कारण पाट जेथून निघतो तेथील रानांची तहान भागल्यावर जे उरेल तेच शेवटच्या टोकाला यावयाचे, आणि उरत फारसे काही नसे. अशा स्थितीत शेपटाच्या शेतकऱ्याने काय करावे? तो अर्ज करी, मोर्चा नेई, पुढाऱ्यांना गाठी, आणि एखाद्या पाळीला पाणी आलेच तर पुढच्या पाळीला पुन्हा तेच. 

ओझरमध्ये बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या द्वारे या प्रश्नाला हात घातला तेव्हा त्यांनी मागणीचे रूपच बदलले. त्या काळी पाणीपट्टी आकारली जाई ती पिकाच्या प्रकारावर आणि क्षेत्रावर. शेतकऱ्याने नमुना नंबर ७ चा अर्ज भरावा, खात्याने मंजुरी द्यावी, पाटकऱ्याने शेजपाळीने पाणी सोडावे, आणि हंगामाअखेर वसुलीसाठी खातेदाराच्या दारात खेटे घालावेत. किती पाणी सुटले आणि किती पोहोचले याचा धडसा हिशेब ना सरकारजवळ होता ना शेतकऱ्याजवळ. १९९० च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या नावांनी तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागणीचा आशय असा होता की आमच्या हिश्शाचे पाणी आम्हांला वितरिकेच्या मुखाशी घनमापाने मोजून द्या. त्या मापाची पट्टी संस्था एकरकमी भरील. आत कोणाला किती, कोणत्या पिकाला, कोणत्या क्रमाने, हे आमचे आम्ही ठरवू आणि वसुलीही आम्हीच करू.

या मागणीचे वजन कशात आहे ते पाहण्यासारखे आहे. तीत गाऱ्हाणे आहे, पण त्याच्या जोडीला एक हमी आहे. शेकडो खातेदारांच्या वसुलीची जी डोकेदुखी खात्याला होती ती आपल्या शिरावर घेण्याची तयारी अर्जदारांनी दाखवली, आणि ती तयारी पोकळ ठरू नये म्हणून आधी गावोगाव बैठका घेऊन सभासद जमवले, क्षेत्र लिहून काढले, हिस्से ठरवले. मोजून पाणी मागणाऱ्याला आपले शिवार आधी मोजावे लागते. व्यवस्थापन हस्तांतरणाच्या या पद्धतीत संयुक्त पाहणी म्हणून एक टप्पा असतो. खात्याची माणसे आणि संस्थेची माणसे मिळून चारीवरून चालत जातात आणि भराव कोठे खचला, दार कोठे मोडले, पाणी कोठे पाझरते, कोठे कोणी पाट फोडून नळी घातली, याची यादी उभयतांच्या सह्यांनी तयार होते. दुरुस्तीसाठी पैसा मागावयाचा तो या यादीच्या आधारावर. माझ्या मते कोणत्याही सामाजिक प्रकल्पाच्या प्रस्तावातील ‘गरजेचे निवेदन’ या प्रकरणाला याहून चांगला आदर्श मिळणार नाही. कारण येथे देणारा आणि मागणारा दोघेही एकाच वाटेने चालले आहेत, आणि कागदावर आलेली प्रत्येक ओळ दोघांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

ओझरच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती बाहेरच्या कोणाही तज्ज्ञाला गावात राहिल्यावाचून सुचली नसती. वाट्याच्या पाण्याचा काही भाग त्यांनी बाणगंगेवरील आणि ओढ्यांवरील बंधाऱ्यांत सोडला. ते पाणी मुरून आजूबाजूच्या विहिरींना उतरले. विहिरीतले पाणी शेतकऱ्याला हवे तेव्हा उपसता येते, पाटाच्या पाळीची वाट पाहावी लागत नाही, आणि म्हणून त्यावर ठिबक बसवून द्राक्षबाग उभी करता येते. पाटाचा थेंबही शेतात न घेणाऱ्या विहीरवाल्यांना या मुरलेल्या पाण्याचा लाभ झाला आणि त्यांनीही संस्थेला पट्टी द्यावी असे ठरले. लाभ कोणाकोणाला होतो हे शेवटपर्यंत शोधत गेल्यामुळे संस्थेला भरणा करणारे नवे सभासद मिळाले.

तीन संस्थांपासून झालेला आरंभ पुढे चोवीस संस्थांपर्यंत गेला, त्या साऱ्यांची मिळून प्रकल्पस्तरावर एक संस्था झाली, आणि वाघाडचे सिंचन शेतकऱ्यांच्या हाती आले. २००५ साली विधिमंडळाने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला तेव्हा राज्यापुढे जी जिवंत उदाहरणे होती त्यांत वाघाडचे स्थान पहिल्या ओळीतले होते. हे घडण्यास जिल्ह्याच्या मातीत काही पूर्वपुण्याई होती, हेही नमूद केले पाहिजे. बागलाण-कळवणकडे मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धत नांदली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटून एका फडात एक पीक घ्यावयाचे, पाटकरी आणि जागल्या गावाने नेमावयाचे, त्यांचे मोल धान्याने चुकते करावयाचे, पाट साफ करण्यास प्रत्येक घरचे माणूस यावयाचे. सरकारचा शिक्का नसतानाही हा कारभार चालला, कारण प्रत्येकाचा हिस्सा आणि प्रत्येकाचे ओझे सर्वांना तोंडपाठ होते.

आता पुन्हा सुरगाण्याच्या डोंगराकडे वळू आणि कल्पनेने एक पाडा डोळ्यांसमोर आणू. साठ घरे, तीनशे माणसे, पाड्याखाली साठ मीटर खोलीवर ओहोळाच्या काठी एक जुनी विहीर. पाड्याला पाणी वर हवे आहे आणि त्यासाठी एखाद्या कारखान्याकडे वा सरकारी योजनेकडे प्रस्ताव द्यावयाचा आहे. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे मान ठरवले आहे. म्हणजे पाड्याची गरज १६,५०० लिटर. येथपर्यंतचा हिशेब सारेच लिहितात. पुढचा प्रश्न कोणी लिहीत नाही: विहीर तेवढे पाणी मे महिन्यात देते काय? 

याचे उत्तर पाड्यावरच मिळू शकते आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. विहीर उपसावी, पाण्याच्या पातळीवर खूण करावी, आणि चोवीस तासांत पाणी किती चढले ते मोजावे. विहिरीचा व्यास चार मीटर असेल तर पाणी एक सेंटीमीटर चढणे म्हणजे सुमारे १२६ लिटर येणे. हा गुणाकार आश्रमशाळेतली आठवीची मुलगी करील. १६,५०० लिटरांसाठी पाणी दिवसात १३१ सेंटीमीटर चढावयास हवे. ते शंभरच चढले, तर प्रस्तावात शंभरच लिहावे आणि उरलेल्या तुटीसाठी वरच्या अंगाला चर, बंधारा किंवा दुसरा उद्भव मागावा. मेमधला हा एक आकडा, तारीख आणि मोजणाऱ्यांच्या सह्यांनिशी जोडला, म्हणजे ‘भीषण टंचाई’ या शब्दांची गरज उरत नाही.

त्यानंतर येतो विजेचा विषय, ज्यावर आजवरच्या कितीतरी योजना बुडाल्या. १६,५०० लिटर पाणी साठ मीटर उचलण्यास निव्वळ गणिताने पावणेतीन युनिट वीज लागते. पंप आणि नळ यांतील घट धरून एकूण कार्यक्षमता चाळीस टक्के मानली तर रोजची सात युनिट, महिन्याची दोनशेच्या आसपास. साठ घरांत वाटले तर घरटी साडेतीन युनिट. हे बिल कोण भरणार, कोणत्या तारखेला गोळा होणार, ज्याच्याकडे रोख नाही त्याने काय करावयाचे, याचा ठराव प्रस्तावाबरोबर असला पाहिजे. सौर पंप मागितला तर बिल टळते, पण पट्ट्या पुसणे, राखण, आणि चार वर्षांनी पंप जळाला तर त्याची तजवीज, हे टळत नाही. आपल्या डोंगराळ भागात पूर्वीच्या योजनांच्या कोरड्या टाक्या आणि गंजलेले नळ ठिकठिकाणी उभे आहेत. प्रस्ताव लिहिणारे त्यांचा उल्लेख टाळतात, कारण तो अपशकुन वाटतो. मला वाटते, तो पहिल्याच पानावर यावा: पूर्वी अमुक साली योजना झाली, अमुक कारणाने बंद पडली, आणि या खेपेस ते कारण उद्भवू नये म्हणून आम्ही हे योजले आहे. पाहणीला येणाऱ्या माणसाला ती कोरडी टाकी दिसणारच असते.

लोकांचा हिस्सा हा प्रस्तावाचा प्राण आहे, आणि तो नेमका सांगितला पाहिजे. ‘ग्रामस्थ श्रमदान करतील’ या वाक्याला काहीच किंमत नाही. एक किलोमीटर नळासाठी अर्धा मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल चर खणावयाचा तर ३७५ घनमीटर माती निघेल. मुरमाड जमिनीत एक माणूस दिवसाला दीड घनमीटर खणतो असे धरले तर अडीचशे दिवसांचे काम, म्हणजे घरटी चार दिवसांहून थोडे अधिक. हा आकडा सभेत मांडावा, विधवा आणि वृद्धांची घरे वगळून तो पुन्हा बसवावा, आणि चालू रोजगार हमीच्या मजुरीने त्याचे मूल्य अंदाजपत्रकात दाखवावे. जल जीवन मिशनमध्येही गावांतर्गत कामाच्या खर्चापैकी डोंगरी आणि बहुसंख्य आदिवासी गावांकडून पाच टक्के, इतरांकडून दहा टक्के लोकवाटा अपेक्षिलेला आहे, आणि तो श्रमाने देता येतो. नाशिकच्या सोशल नेटवर्किंग फोरमने याच तालुक्यांतील पाड्यांवर देणगीदारांचा पैसा आणि पाड्याचे श्रम यांची सांगड घालून पाणी पोहोचवले आहे.

आणि येथे वेळापत्रकाचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो, जो शहरात बसून लिहिणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. दिवाळीनंतर या पाड्यांवरची कर्ती माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. छाटणी, डिपिंग, विरळणी, काढणी अशी कामे हंगाम संपेपर्यंत चालतात, आणि शिमग्याला माणसे परततात. वाघाडच्या पाण्यावर वाढलेल्या वेलींना ज्यांचे हात लागतात त्यांच्याच घरी उन्हाळ्यात पाणी नसते, ही जिल्ह्याच्या भूगोलातली वेदना येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. ‘जानेवारीत चर खणणे’ असे प्रस्तावात लिहिले तर खणायला पाड्यावर कोणी नसते. जूनमध्ये लिहिले तर भात-नागलीची लावणी तोंडावर असते. उरतात ते होळीनंतरचे दोन-अडीच महिने, आणि त्याच वेळी सरकारी वर्ष ३१ मार्चला संपून निधीची दारे मिटलेली असतात. म्हणून साहित्याचा हप्ता मार्चपूर्वी पदरात पडावा, नळ पाड्यावर येऊन पडावेत आणि काम एप्रिल-मेमध्ये व्हावे, अशी आखणी मागणी करतानाच द्यावी लागते.

जमिनीचे कागद हा असाच आणखी एक विषय. विहीर कोणाच्या खातेउताऱ्यावर आहे? मालक आज खुशीने हो म्हणतो. उद्या वाटण्या झाल्यावर त्याचा पुतण्या नाही म्हणू शकतो. बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावर नोंद झालेली असेल तर देणाऱ्याचा अर्धा संशय फिटतो. जमीन वनखात्याची असेल तर निराश होऊन प्रस्ताव सोडून देणारेही मी पाहिले आहेत. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) अन्वये पिण्याच्या पाण्यासह तेरा प्रकारच्या सार्वजनिक सुविधांसाठी, प्रत्येक बाबतीत एक हेक्टरहून कमी आणि हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तोडावी न लागणारी वनजमीन, ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करता येते. सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्याखाली तेथील ग्रामसभेचा शब्द सल्ल्यापेक्षा जड आहे, आणि आदिवासी उपयोजनेतून पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळणारा अबंध निधीही आहे. तो कशावर खर्च झाला हे पाड्यानेच विचारले नसेल तर बाहेरच्या दात्याने का विचारू नये?

देणाऱ्यांच्या बाजूविषयी थोडक्यात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे सुचवले. त्यामुळे नाशिकच्या संस्थांना एक नवे दार उघडले. त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, १२अ, ८०जी, दर्पण क्रमांक, सीएसआर-१ अशा कागदांची मालिकाही आली. हे कागद म्हणजे केवळ प्रवेशपत्र; त्यांनी प्रस्ताव मंजूर होत नाही, त्यांच्या अभावी तो वाचला मात्र जात नाही.

अंदाजपत्रकावर मात्र मला कळकळीने बोलावयाचे आहे. आपल्याकडे संस्था कार्यकर्त्याचे वेतन लपवतात. नळ, सिमेंट, पंप यांची दरपत्रके जीएसटीसह जोडली जातात, आणि जो माणूस वर्षभर पाड्यावर चढ-उतार करणार, सभा घेणार, भांडणे मिटवणार, त्याचा खर्च ‘इतर’ या खात्यात चोरासारखा दडवला जातो, कारण सेवेचा मोबदला मागणे कमीपणाचे वाटते. याने दोन अनर्थ होतात. हिशेबात लबाडी शिरते, आणि दात्याला वाटते की माणसांवाचून केवळ नळांनी पाणी येते. वेतन स्पष्ट लिहावे, त्याचे काम शेजारी लिहावे, आणि दाता नको म्हणाला तर त्याला कारण विचारण्याचे धैर्य ठेवावे. लहान, कळण्याजोगे एकक दाखवण्यानेही देणारा आश्वस्त होतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना ग्रंथपेटी या एककावर उभी राहिली. एका पेटीचा भार एका कुटुंबाला उचलता येतो, आणि आपली पेटी कोठे फिरते आहे हे त्याला सांगता येते. पाण्याच्या कामातही एका घराचा, एका खांबनळाचा खर्च निराळा काढून दाखवावा.

मजुरी घेऊन प्रस्ताव लिहून देणारे जाणकार आता शहरात मिळतात. त्यांची मदत घेण्यात गैर नाही. इंग्रजी नमुने, रकाने, संगणकावरील अर्ज यांत पाड्यावरचा कार्यकर्ता गोंधळतो हे खरे आहे. पण एका गावाचे नाव खोडून दुसरे घातलेला मजकूर वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. माझा आग्रह एकाच रुजुवातीचा आहे: पूर्ण झालेला प्रस्ताव, जरूर तर कोकणी-वारली बोलीत समजावून, ग्रामसभेत मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक आकड्यापाशी थांबावे. पाण्याचा हिशेब ज्यांच्या डोक्यावरून वाहतो त्या बाया तेथे असल्याच पाहिजेत. कोणती विहीर कोणत्या सणानंतर खारटते, कोणत्या वाटेवर पाय घसरतो, कोणत्या घराला खांबनळ दूर पडेल, हे त्या सांगतात, आणि शेवटच्या पानापर्यंत मसुदा दुरुस्त होतो.

नकार येतो, तोही पुष्कळदा. जोतीरावांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली त्याच दक्षिणा फंडाच्या प्राइझ कमिटीने नाकारले होते, ज्या फंडाचे साहाय्य त्यांच्या शाळांना लाभले. नकाराचे कारण लेखी मागावे. सरकारी कार्यालय असेल तर माहिती अधिकाराने ते मिळते, खासगी दाता असेल तर नम्र पत्राने. पुष्कळदा कारण क्षुल्लक असते: वर्ष संपले, तालुका प्राधान्यात नव्हता, ताळेबंद जोडला नव्हता. असा प्रस्ताव तसाच पुढच्या दारी नेता येतो. विहिरीची मोजणी नव्हती हे कारण असेल, तर पुढच्या मेची वाट पाहणे भाग आहे.

मंजुरी आली म्हणजे काम हिशेबाचे. हप्ता मिळताच स्वतंत्र खाते, पावत्यांची फाइल, श्रमदानाचे हजेरीपत्रक, खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र. नळ फुटला, ठेकेदार पळाला, दोन घरांनी चर खणण्यास नकार दिला, तर तेही अहवालात यावे. दात्याला ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा पाड्याच्या सहीने कळणे बरे. आणि पाणी वर आल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात विहीर पुन्हा उपसून, त्याच खुणेपासून, त्याच माणसांनी मोजावी. समजा, गेल्या साली १३१ सेंटीमीटर चढलेले पाणी या साली ११० च चढले. उपसा वाढला हे उघड आहे. मग तो आकडा कळवून वरच्या उतारावर समतल चर आणि दगडी बांध मागावेत, जमीन वनाची असल्यास कलम ३(२) च्या शिफारशीसाठी मृगापूर्वीच ग्रामसभा बोलवावी, आणि दिवाळीला माणसे बागांकडे उतरण्याच्या आत पुढच्या उन्हाळ्यातल्या श्रमदानाची घरटी यादी सह्यांनिशी पुरी करून ठेवावी.